ताईला साजेसं

जुन्या फर्निचरच्या त्या दुकानात त्याला सगळे पारखी म्हणत. नाव मालकांनी ठेवलेलं, तेही थट्टेत. पण थट्टेतलं नाव म्हणजे ओल्या पॉलिशवर बसलेली धूळ, एकदा बसली की बसली. आता तर तो स्वतःही फोन उचलून ‘पारखी बोलतोय’ असंच म्हणायचा.

दुकानात बसून विकायचं काम मालकांचं. पारखी जायचा गिऱ्हाइकाच्या घरी. पाणी प्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि बोलता बोलता घर बघायचं. भिंती नंतर मोजायच्या, आधी माणसं मोजायची. कोण मोठ्यानं बोलतं, कोण दाराआडून बोलतं, कुणाच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही, हे सगळं टिपून झालं की तो आपला ठरलेला प्रश्न विचारी, “बाहेरून घरात आलात, की हातातलं सामान पहिल्यांदा कुठं ठेवता?”

लोक हसत, आणि हसता हसता खरं सांगून जात. एक वकीलबाई म्हणाल्या, “जमिनीवर. आणि मीही तिथंच, शेजारी.” बाईंना हवं होतं कोरीव पायांचं उंच मेज. पारखीनं त्यांना गुडघ्याएवढा, चांगला ऐसपैस टीपॉय दिला. एका निवृत्त मास्तरांना सिंहासनासारखी खुर्ची पाहिजे होती. पारखीनं पाहिलं, घरात मास्तरांना कुणी हिंग लावून विचारत नाही. तो म्हणाला, “सर, या खुर्चीत तुम्ही दिसणारच नाही. ही वेताची घ्या.” मास्तर रागावले, चार दिवस रुसले आणि मग वेताची घेऊन गेले. आता त्यांना जेवायला बोलवायचं तर खुर्चीतून ओढून काढावं लागतं, असं त्यांच्या सूनबाई सांगतात.

लाकूड आणि माणूस यांचा जोडा जमवावा लागतो, असं पारखीचं म्हणणं. त्याचे जोडे सहसा मोडत नसत.

पण अलीकडे पारखी थकला होता. आजार म्हणावा तर नव्हता. जिना चढताना कठड्याला हात जायचा, गिऱ्हाइकाचं बोलणं अर्ध्यातच ऐकू येईनासं व्हायचं. लोकांची घरं लावता लावता माणसाला एक शीण येतो. तो झोपून जात नाही, कारण तो अंगाला आलेला नसतोच. बायको म्हणायची, “अहो, चार दिवस सुट्टी काढा.” तो म्हणायचा, “काढतो.” आणि सकाळी मोजपट्टी खिशात टाकून निघायचा.

अशा दिवसांत ताई घरी आली.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. तो रांगत होता तेव्हापासून ती त्याला छोट्या म्हणे, आणि डोक्यावर उरलेले चार केसही पांढरे झाले तरी तो तिचा छोट्याच. तिचे यजमान गेले, मग राहतं घर विकलं, आणि ती दोन मुलांकडे राहू लागली. मुलं वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणारा लगेच त्यांच्या नावानं बोटं मोडायला बसतो. दोघंही आईला धरून होते, दोन्ही सुना जीव लावणाऱ्या. फक्त घरं लहान आणि माणसं फार. थोरल्याकडे पाहुणे आले की ताई धाकट्याकडे. धाकट्याच्या मुलाची परीक्षा आली की थोरल्याकडे. एक कापडी बॅग होती तिची, चेन तुटलेली, दोरीनं बांधलेली. ती बॅग आणि ताई, दोघी मिळून इकडून तिकडे जात.

आणि तिचा एक शब्द होता. चालेल.

बाहेरच्या खोलीत झोपशील? चालेल. आज जेवायला उशीर होईल. चालेल. उद्या धाकट्याकडे सोडून येऊ? चालेल. देवानं तिच्या जिभेवर एवढा एकच शब्द ठेवून बाकीचे परत मागून घेतले असावेत. चालेल चालेल म्हणत बाई जन्मभर चालतच राहिली, कुठं बसली म्हणून नाही.

पारखी एकदा थोरल्या भाच्याकडे गेला होता. बघतो तर ताईची घडीची खाट मोरीबाहेरच्या बोळात, कपडे धुण्याच्या मशीनला लागून. तो बोलत असतानाच मशीन पिळायला लागलं, आणि त्याबरोबर खाट थरथरायला लागली.

“ताई, अगं झोप लागते का इथं?”

“न लागायला काय झालं? पाळण्यासारखं हलतं.” ती हसली. “या वयात पाळणा कुणाच्या नशिबी येतो, सांग बरं.”

पारखी हसला नाही. त्यानं तिथल्या तिथं भाच्याला सांगितलं, “मी ताईला घेऊन जातो.”

भाचा म्हणाला, “मामा, देवासारखे धावून आलात. घराचं काम काढलंय, सगळीकडे सिमेंट होणार. आईला धुळीचा त्रास. काम संपलं की मी येतो न्यायला.”

ताईला विचारलं. ती काय म्हणाली ते सांगायला नकोच.

पारखीच्या मनात मात्र दुसरंच होतं. त्याची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिची खोली रिकामी. भाचा न्यायला येईल त्या दिवशी ताईनं आपल्या तोंडानं म्हणावं, ‘मी इथंच राहते.’ एवढंच त्याला हवं होतं. आग्रह करून ठेवून घेणं सोपं होतं. पण आग्रहालाही ती तेच म्हणणार, आणि मग त्याचं घर म्हणजे तिच्या बॅगेचा आणखी एक मुक्काम. तिला खोली आपली वाटली पाहिजे, असं त्यानं ठरवलं. आणि खोली माणसाची कशी करायची हे तर त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

मालकांनी सांगितलं, “घरचं काम आहे, दुकानातलं लागेल ते उचल.” त्यानं शिसवी पलंग उचलला, उशाशी वेलबुट्टी कोरलेला. आरशाचं कपाट उचललं, ज्याचा आरसा कडेनं तिरका कापलेला, उजेड पडला की भिंतीवर रंग सांडायचे. लहानपणी ताईला रंगीत काचांचं वेड होतं, ते त्याच्या ध्यानात होतं. एक बैठी खुर्चीही घेतली.

दुकानाचा हमाल पलंगाचं एक टोक खांद्यावर घेऊन जिन्यात थांबला. “पारखीभाऊ, हा पलंग मागच्या जन्मी हत्ती होता का हो?”

“बोलू नको, उचल.”

“उचलतोय. पण ताईंना सांगून ठेवा, यावरून खाली उतरायचं झालं तर आदल्या दिवशी कळवा. मी शिडी घेऊन येतो.”

सगळं लागलं. पारखीनं पडदा सारला, आरशावर उजेड पाडला आणि ताईला हाक मारली. ती दारात उभी राहिली. हात पदराला पुसत तिनं पलंगाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

“केवढं रे हे!”

“आवडलं?”

“चालेल की. छान आहे. चालेल, चालेल.”

रोज सकाळी ताई फडकं घेऊन पलंग पुसायची. कोरलेल्या वेलीच्या खाचाखोचांतून काडीला कापूस गुंडाळून फिरवायची. पारखी ते बघायचा आणि मनात सुखावायचा. बायकोला म्हणायचा, “बघ, जीव जडला.”

आठवडा असाच गेला. एकदा दुपारी चहा गाळता गाळता बायको म्हणाली, “वन्सं कशा झोपतात बघितलंत?”

“कशा?”

“पलंगाच्या अगदी कडेला. एवढा थोरला पलंग, आणि त्या पाटावर बसल्यासारख्या काठावर. कूस बदलली तर खाली.”

“सवय होईल.”

“आणि त्यांचं कपाट उघडलंत कधी? मी आज धुतलेले कपडे ठेवायला उघडलं. रिकामं. सगळं त्या बॅगेत आहे, बॅग पलंगाखाली. रोज काढतात, घड्या घालून रोज परत ठेवतात, आणि वरून दोरी बांधतात.”

पारखीचा चहा तसाच राहिला. मग त्याला वाटलं, आपलंच चुकलं. ताई साधी बाई, तिला शिसवी थाट कशाला? त्यानं हमालाला बोलावलं. शिसवी पलंग परत गेला, साधा सागवानी आला, बुटका. आरशाचं कपाट गेलं, साध्या दारांचं आलं. खुर्चीही बदलली.

हमाल म्हणाला, “ताईंचं मन रमेपर्यंत माझी कंबर टिकते का बघू.”

ताई म्हणाली, “अरे, कशाला त्रास घेतलास? तेही चाललं असतं. हेही चालेल.”

बॅग सागवानी पलंगाखाली गेली.

“अहो,” बायको म्हणाली, “साऱ्या जगाला तुमचा तो प्रश्न विचारत फिरता. बहिणीला विचारलात?”

“तिला काय विचारायचं? ओळखत नाही का मी तिला?”

“ओळखता की. दोनदा ओळखून झालं, हमाल साक्षीला आहे.”

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. घराचं काम उरकलं होतं. “आई, रविवारी येतो न्यायला. रंग छान झालाय, बघशील तू.”

ताई फोन दोन्ही हातांनी धरून बोलायची, जणू पलीकडचा माणूस निसटून जाईल. “चालेल रे,” ती म्हणाली. “सावकाश ये.”

पारखी आतल्या खोलीत उभा होता. खांद्यावरून काहीतरी जड उतरावं तसं नाही, आणखी जड चढावं तसं त्याला झालं. दुसऱ्या दिवशी तो ताईला म्हणाला, “चल, आज माझ्याबरोबर दुकानात. तुझ्या डोळ्यांनी बघ, तुझ्या हातानं निवड.”

ताई चप्पल घालून तयार झाली. चालेल म्हणालीच.

दुकान म्हणजे एक लांबलचक बोगदाच. दोन्ही बाजूंना कपाटांवर कपाटं, खुर्च्यांच्या पोटात खुर्च्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. पॉलिशचा आणि जुन्या कापडाचा वास. मालक पुढं आले. “या ताई. दुकान तुमचंच आहे. बोट ठेवा, वस्तू तुमची.”

पारखीनं तिला एका स्टुलावर बसवलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, “ताई, बाहेरून घरात आलीस की हातातलं सामान पहिल्यांदा कुठं ठेवतेस?”

ताईनं जरा विचार केला. प्रश्न सोपा आहे आणि उत्तरही सोपंच आहे, अशा आवाजात ती म्हणाली, “ज्यांचं घर, ते सांगतील तिथं.”

मालकांनी मान वळवली आणि एका खणाची कडी उगाच पुसायला घेतली.

 मग पारखीनं आपल्याला येत होतं तेच केलं. तिला वाटेवाटेनं फिरवत वस्तू दाखवू लागला. एकेका वस्तूपाशी ताई थांबायची आणि विचारायची, “हे कुणाचं रे?”

पारखीला हाच प्रश्न प्रिय. “हे मेज ना, एका न्यायाधीशांचं. बघ, इथं कोपर टेकून टेकून लाकूड खोलगट झालंय. आणि हे सिंगारमेज एका व्यापाऱ्याच्या बायकोचं. तिनं म्हणे कुणाला हात लावू दिला नाही.”

“बरं,” ताई म्हणायची आणि अर्धं पाऊल मागं सरकायची.

“ही झुलती खुर्ची. एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत हिच्यातच बसायचे. हाताची जागा बघ कशी गुळगुळीत झालीय.”

“मग आता कुठं आहेत ते?”

“आता कुठले असायला? गेले.”

“आणि खुर्ची राहिली.”

“लाकूड चांगलं ना.”

“हं,” ताई म्हणाली.

“घेऊ या का?”

“चालेल.”

“का तो तिकडचा पलंग? तो बघ, पायांशी पितळ आहे.”

“तोही चालेल.”

इथं पारखीचा धीर सुटला. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. गिऱ्हाइकानं दहा खुर्च्या उलट्यापालट्या करायला लावल्या तरी त्याचा आवाज चढायचा नाही. पण थकलेल्या माणसाचा राग फाटक्या पिशवीतल्या सामानासारखा असतो, कुठून निसटेल सांगता येत नाही.

“चालेल, चालेल! काय चालेल? शिसवी चालतं, साग चालतो, बोळातली खाट चालते, रविवारी जाणंही चालतं. ताई, एकदा तरी सांग ना गं तुला काय हवंय. मला काही कळत नाही. दमलो मी. खरंच दमलो.”

आणि तो तिथंच गोणपाटाच्या ढिगावर बसला.

ताईनं झुलत्या खुर्चीच्या हातावरचा आपला हात काढून घेतला.  बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, ती पिपाणी तेवढी वाजत राहिली.

“मीही दमलेय रे, छोट्या,” ती म्हणाली. आणि मग म्हणाली, “नको.”

“काय नको?”

“यातलं काहीच नको मला.” तिनं मालकांकडे पाहिलं. “तुम्ही राग मानू नका. वस्तू लाखमोलाच्या आहेत, माझ्या भावानं आयुष्य घातलंय यात. पण सगळं कुणाचं तरी आहे हो.”

मालक म्हणाले, “बोला ताई, बोला.”

“लग्न होऊन गेले, तर खोलीत पलंग होता थोरल्या जावेचा. तिनं नवा केला म्हणून जुना मला. कपाट सासूबाईंचं, त्यात खालचा एक खण माझा. वरचे खण उघडताना त्या मला बाजूला व्हायला सांगायच्या. मुलांकडे गेले. तिथं नातवाचं टेबल, सुनेच्या बहिणीची गादी. कुणी वाईट वागलं असं नाही. पण जिच्यावर पहिला हात माझा पडला, अशी एक वस्तू जन्मात आली नाही. छोट्या, तुझा तो पलंग मी रोज पुसत होते, तुला वाटलं असेल आवडला. अरे, भीती वाटायची. कुणा मोठ्या माणसाचा पलंग, चरा पडला तर सांगायचं काय?”

पारखी गोणपाटावरून उठला.

“मला नवं हवंय,” ताई म्हणाली. म्हणताना ती लाजली. “कारखान्यातनं आलेलं. वास येतो बघ नव्याचा, तसलं. एक कपाट. आणि त्याला किल्ली असावी.”

हातांनी झिजलेलं लाकूड म्हणजे माणसांच्या मायेनं भिजलेलं लाकूड, हे पारखी हजार घरांत सांगत आला होता. खोटं नव्हतं ते. पण त्या हजार घरांतल्या माणसांकडे नवं घेऊन कंटाळण्याइतकं नवं होतं. कधी मिळालंच नाही, त्या माणसानं जुन्यावर कसा जीव लावावा? एवढी साधी गोष्ट, आणि तिला विचारेपर्यंत ती त्याच्या टाळक्यात शिरली नव्हती.

मालक खाकरले. “ताई, आमच्या घरीही हेच आहे. आमची ही म्हणते, घरात जुनी वस्तू एकही नको. एकच ठेवलीय तिनं, तीही नाइलाजानं.” आणि त्यांनी स्वतःच्या छातीला बोट लावलं.

ताई खुदकन हसली.

दुपारी तिघं नव्या फर्निचरच्या दुकानात गेली, ताई, पारखी आणि त्याची बायको. झगझगीत दिवे, गुळगुळीत फरशी, सगळीकडे गोंदाचा वास. ज्या दुकानाच्या पायरीला पारखीनं कधी पाय लावला नव्हता, तिथं तो मान खाली घालून शिरला. ओळखीचं कुणी बघेल या भीतीनं त्यानं टोपी पुढं ओढली. बायकोनं ते पाहिलं आणि म्हणाली, “गुत्त्यात चाललोय का आपण?”

ताईनं मात्र कमाल केली. विकणारी बाई एकेक कपाट दाखवू लागली आणि ताई म्हणू लागली, “हा रंग नको. हे फार उंच, नको. ही दारं सरकतात, नको, मला उघडणारी हवीत.” पारखी तिच्या मागं मागं चालत होता, आणि भजनात रंगलेला माणूस मान डोलावतो तसा तिच्या प्रत्येक ‘नको’ला त्याची मान आपोआप हलत होती.

शेवटी ती थांबली. कपाट पांढरं, वर आकाशी पट्टा, मुठी सोनेरी प्लास्टिकच्या, दाराला किल्ली, आणि दार उघडलं की आत बारकासा दिवा लागायचा. ताईनं दार उघडलं, लावलं, परत उघडलं.

पारखीनं सवयीनं बोटाचं पेर आपटून पाहिलं. “ताई, आत लाकूड नाही गं. भुसा आहे, दाबलेला भुसा.”

“असू दे. नवा भुसा आहे ना?”

“पाणी लागलं की फुगतं हे. चार पावसाळे काढील फार तर.”

“मीही तेवढेच काढले तर पुरे. मग दोघं मिळून फुगू.”

विकणाऱ्या बाईला हसू आवरेना. कपाट ठरलं. ते खोक्यांतून सुटं येणार होतं, जोडणारा सुतार रविवारी सकाळी येईल असं बाईनं सांगितलं.

परत येताना रिक्षात ताई मधे बसली होती. खुशीत होती, मांडीवर कपाटाच्या रंगाचा नमुना घेऊन त्यावरून बोट फिरवत होती. मधेच म्हणाली, “छोट्या, थोरल्याकडे त्या बोळात मावेल ना रे हे?”

पारखीच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. पारखीनं रस्त्याकडे पाहिलं.

“बघू,” तो म्हणाला.

म्हणजे कपाट मिळालं होतं, ताई मिळाली नव्हती. रविवारपर्यंत तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. ओठापर्यंत यायचं, पण तो गिळायचा. आपण ‘राहा’ म्हटलं की ती राहील, हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच म्हणता येत नव्हतं. बायको एकदा म्हणाली, “मी विचारू?” तो म्हणाला, “नको. तिचं तिला म्हणू दे.”

रविवारी सुतार आणि भाचा जिन्यातच एकमेकांना भेटले. साध्या दारांचं कपाट आदल्या दिवशीच दुकानात परत गेलं होतं. सुतारानं खोकी खोलीत आणून टाकली, फळ्या बाहेर काढून भिंतीला टेकवल्या, स्क्रूंची पुडी फोडली. भाचा हातात मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहून बघत होता.

“हे काय, आई? कपाट घेतलंस?”

“घेतलं.”

“कमाल आहे तुझी!” भाचा खरंच खूश झाला. “छान झालं. ओ दादा, जोडू नका हं. तसंच राहू द्या, खोक्यातच. मी खाली गाडी लावलीय, घेऊन जातो. घरी आपला माणूस आहे जोडायला.”

सुतार फळी हातात धरून थांबला. “काय करायचं ते लवकर ठरवा. माझी अजून दोन कामं आहेत. हे एकदा जोडलं की हलत नाही.”

“हलत नाही म्हणजे?” ताईनं विचारलं.

“म्हणजे आजी, याला भिंतीत स्क्रू मारावे लागतात. नाहीतर दार उघडलं की अख्खं अंगावर येतं. आणि मग काढायचं म्हटलं तर भोकातला भुसा गळतो, परत स्क्रू धरत नाही. जुन्या कपाटांसारखं नाही हे, आज या घरी, उद्या त्या घरी. लावाल तिथं राहणार.”

ताई फळ्यांकडे बघत राहिली.

“तर मग आपल्याकडेच लावू,” भाचा म्हणाला. “बोल आई.”

पारखी खिडकीपाशी उभा होता. त्याच्या तोंडात शब्द आले, त्यानं ओठ मिटले. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती, हाताला पीठ.

ताईनं मुलाला विचारलं, “मशीनशेजारच्या भिंतीत ठोकता येईल का रे?”

“तिथं? तिथून पाण्याचा पाइप गेलाय. तिथं कसं भोक पाडणार? आपण गॅलरीत लावू.”

“गॅलरीत पाऊस येतो. फुगेल हे.”

“मग धाकट्याकडे विचारू का? त्याच्या बाहेरच्या खोलीत...” भाचा बोलता बोलता थांबला. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याचा आवाज उतरला. “आई, मी तुला कधी नको म्हटलंय का?”

“नाही रे बाळा. तू कधीच नाही म्हटलंस.” ताईनं त्याच्या हातातला पुडा घेतला. आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला, कुणाला न विचारता. “मी इथं राहते. छोट्याकडे. तू येत जा. मीही येईन तुझ्याकडे चार दिवस, पाहुणी म्हणून. पाहुणीला तरी चांगली गादी द्याल.”

“आई!”

“रडू नको. मामी चहा टाकतेय.” आणि ती सुताराकडे वळली. “ठोका इथं. जरा डावीकडे घ्या, सकाळचं ऊन दारावर यायला नको.”

“नीट बघून सांगा आजी. ठोकलं की ठोकलं.”

“बघितलंय.”

सुतारानं मशीन लावलं. भिंतीत भोक पडू लागलं तसा चुन्याचा भुगा खाली पलंगावर, खुर्चीवर, सगळ्यांच्या डोक्यांवर पडला. पारखीचे डोळे भरले होते. चुना उडत होता ते बरं झालं, कारण सांगावं लागलं नाही.

“कुणीतरी हे धरा हो,” सुतार म्हणाला. “दोन्हीकडून. सरळ.”

भाच्यानं एक बाजू धरली. पारखीनं दुसरी. मामा आणि भाचा समोरासमोर, मधे पांढरी फळी, भुशाची, हलकीफुलकी, पण वर उचलून धरली की भलतीच जड. ताई मधे उभी राहून सांगत होती, “जरा वर. फार झालं. छोट्या, तुझी बाजू खाली येतेय.”

पारखीचे दंड भरून आले. खांदे कधीपासूनच दुखत होते.

“ताई, सोडू का गं आता?”

“नको,” ताई म्हणाली. “अजून एक स्क्रू राहिलाय.”